टेकडीच्या जंगलात माउंटन बाईकचा ट्रेल : आधी पाण्याची वाट बघा, मग सायकलची

प्रश्न थोडक्यात असा आहे. मावळातल्या एका गावात दहा-बारा सायकलवाल्यांचा ग्रुप आहे. गावामागच्या टेकडीवर खाली साग आणि घाणेरी, वर कारवी असं रान आहे. तिथे तीन-चार किलोमीटरचा माउंटन बाईकचा ट्रेल काढायचाय. ओळखीचा जेसीबीवाला ‘एका दिवसात मारून देतो’ म्हणतोय. व्हिडिओत दिसतात तसे बर्म (वळणाच्या बाहेरच्या कडेला उचललेला मातीचा तिरपा काठ) आणि जंप हवेत, आणि पहिल्याच पावसाळ्यात स्पर्धा घ्यायचीय. सुरुवात कुठून करावी?

जेसीबीवाल्याला आधी नाही म्हणून टाका. ओळखीचा आहे तर चहा पाजून म्हणा, पण म्हणा. नेहमीचा बॅकहो जेसीबी सात-साडेसात टनांचा असतो आणि सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद. उतारावर त्याला नुसतं उभं राहायलाच तीन मीटरचा रस्ता लागतो. तुम्हाला हवीय दोन-अडीच फुटांची वाट. परदेशी व्हिडिओत दिसतं ते टन-दीड टनाचं, मीटरभर रुंदीचं यंत्र असतं आणि त्यावर बसलेल्या माणसाचा तोच धंदा असतो. आपला जेसीबी डोंगराची वरची बाजू उभी कापतो, सगळी सुटी माती खालच्या झाडांच्या बुंध्यांवर लोटतो, आणि पहिल्या दोन मोठ्या पावसांत ती ओढ्यात जाते. मागे उरतो तो प्लॉटिंगचा रस्ता. हल्ली डोंगरावर असा ताजा लाल पट्टा दिसला की लोक थांबून विचारतात, गुंठा काय भावाने?

पुढचा फोन कोणाला करायचा हे टेकडी कोणाची आहे त्यावर ठरतं. ‘गावाची टेकडी’ असं सगळेच म्हणतात. कागदावर मात्र ती राखीव वन असते, गायरान असते किंवा चार भावांच्या सातबाऱ्यावरची खासगी जमीन असते. बऱ्याचदा एकाच उतारावर तिन्ही तुकडे सापडतात. गटनंबर काढा, गावनकाशा मिळवा आणि सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. खासगी जमिनीवरही वनाची नोंद असू शकते. १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वने संपादन कायद्यामुळे आपल्याकडे अशा नोंदी ठिकठिकाणी आहेत. राखीव वन निघालं तर भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ लागतं. परवानगीशिवाय आत शिरणं, झाड तोडणं, कुठल्याही कारणासाठी जमीन साफ करणं किंवा खोदणं, सगळंच त्यात येतं. ‘आम्ही तर निसर्गप्रेमी’ हा बचाव तिथे चालत नाही. अभयारण्याची हद्द असेल तर विषयच सोडून द्या. देवराई असेल तर कागदावर ती कोणाचीही असो, वाट तिला वळसा घालूनच जाऊ द्या.

माझा स्पष्ट सल्ला असा, की पहिला किलोमीटर वनाची नोंद नसलेल्या खासगी जमिनीवर, मालकाच्या लेखी संमतीने काढा. सगळ्या भावांच्या सह्या घ्या. एकाचीच घेतली तर दुसरा तारेचं कुंपण घालतो. वनखात्याकडे जायचं तर वनरक्षकापासून सुरुवात करा आणि मग वनक्षेत्रपालांना भेटा. पहिल्याच भेटीत ‘नवीन ट्रेल’ मागू नका. जंगलात गुरांच्या, जळणाच्या, मधाच्या वाटा आधीपासून असतातच. ‘या वाटांची देखभाल करू, घाणेरी काढू, वणव्याच्या दिवसांत नजर ठेवू, गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्यामार्फत काम करू’ असं म्हणून गेलात तर बोलणं पुढे सरकतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर वनसंवर्धनाच्या केंद्रीय कायद्यात निसर्ग पर्यटनाच्या सुविधांना जागा आहे, पण त्या सुविधा वनविभागाच्या मंजूर कार्य आयोजनेत असाव्या लागतात. ते काम वर्षांचं आहे. खासगी जमिनीवरचा एक पावसाळा टिकलेला किलोमीटर साहेबांना दाखवायला नेलात तर तुमची अर्धी फाइल तोच पुढे नेईल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ट्रेल बांधणं हे पाण्याचं काम आहे. सायकल त्यावरून जाते एवढंच. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, लंडनला सहाशेच्या आसपास. लंडनचा वर्षभर झिरपत राहतो. आपला चार महिन्यांत कोसळतो, आणि त्यातही दिवसाला दोनशे-तीनशे मिलिमीटर पडणारे दिवस असतात. ट्रेलबांधणीची जी इंग्रजी पुस्तकं आणि व्हिडिओ तुम्ही पाहता त्यातली तत्त्वं बरोबर आहेत, पण ती कुठल्या पावसासाठी लिहिली आहेत हे ध्यानात ठेवा. तिथे पाण्याला बाहेर काढायची जागा पंधरा मीटरवर चालते. मावळात मी ती सहा-सात मीटरवर ठेवतो.

म्हणून येत्या पावसाळ्यात एकही कुदळ मारू नका. जुलैत, चांगली दोन-तीन दिवसांची झड लागली असताना, टेकडीवर चालत जा. पाणी कुठे पसरून वाहतं, कुठे एकवटतं, कोणत्या जुन्या पायवाटेचा ओढा झालाय, हे फोनवर टिपून ठेवा. पुन्हा सप्टेंबरच्या शेवटी जा. पाऊस थांबून आठवडा झाला तरी जिथे पाय बुडतो तिथे वरून पाझर आहे. वाट त्याच्या वरच्या अंगाने न्यायची. हे दोन फेरे ज्यांनी मारले नाहीत त्यांच्या ट्रेलवर नंतर चिखलाचा एक ठरावीक पट्टा असतो. प्रत्येक जण तो टाळायला कडेने जातो आणि वाट रुंद होत होत शेतरस्त्याएवढी होते.

परदेशी पुस्तकात न सापडणारी एक गोष्ट आपल्या टेकड्यांवर हमखास असते, ती म्हणजे समतल चर, पाणी अडवायला उतारावर आडवे खणलेले. दोन फूट रुंद, फूट-दीड फूट खोल, खालच्या अंगाला मातीचा बांध. सायकलवाल्याला तो बघताच आयता रोलर, म्हणजे सायकल वर-खाली लोळवत नेण्याचा उंचवटा, वाटतो. तिथून दहा सायकली गेल्या की बांधाला खाच पडते, आणि अख्ख्या चरात साठलेलं पाणी त्या एका खाचेतून बाहेर येतं. त्या खाचेखाली वर्षभरात गुडघाभर घळ तयार होते. कोणीतरी श्रमदानाने खणलेले चर आहेत ते. गावाला कळलं तर तुमचा क्लब तिथेच संपला. वाट चरांच्या मधल्या मोकळ्या जागेतून न्या. तशी जागा नसेल तर तो उतार सोडा.

पण याच चरांमुळे तुम्हाला एक आयता गुरूही मिळतो. गावात पाणलोटाचं काम झालं असेल तर ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर घेऊन समपातळी रेषा आखणारी माणसं गावात असतात. त्यातल्या एखाद्या मावशींना किंवा काकांना सन्मानाने बोलवा. त्यांनी जन्मात माउंटन बाईक पाहिलेली नसेल, पण उतारावर डोळ्याला सपाट वाटणारी जागा खरी सपाट आहे की नाही, हे त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळतं.

आखणीचे आकडे सांगतो, ते पाठच करा. दहा मीटर चाललं आणि एक मीटर चढलं की तो दहा टक्के चढ. ट्रेलची सरासरी दहा टक्क्यांच्या आत हवी, आपल्या मुरमाड मातीत मी सात-आठवर थांबतो. दुसरा नियम अर्ध्याचा. टेकडीचा उतार जितका, त्याच्या निम्म्याहून वाटेचा उतार जास्त नको. टेकडी चोवीस टक्के उतरती असेल तर वाट बाराच्या आत. हा नियम मोडला की पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेनेच धावू लागतं. तिसरी गोष्ट म्हणजे वाट खालच्या अंगाला किंचित कललेली हवी, पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दोन फुटांच्या रुंदीत जेमतेम तीन सेंटिमीटर. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची : उतरता उतरता वाट मध्येच थोडी चढली पाहिजे. दोन-तीन मीटरचा हलका चढ, पुन्हा उतार. त्या खोलगट जागी पाणी नाइलाजाने बाहेर पडतं. चाकांचा वेग उतरतो आणि वाहत्या पाण्यालाही पुढे जोर धरता येत नाही. वाटेला नुसता कल ठेवून भागत नाही, कारण वर्षभराच्या चाकांनी मधला भाग दबून पन्हाळ होतेच. तेव्हा हे चढच ट्रेल वाचवतात.

दोन मोह टाळायचे. पहिला वनखात्याच्या जाळरेषेचा. वणवा अडवायला काढलेला तो मोकळा पट्टा बऱ्याच ठिकाणी सरळ धारेने वर जातो, आयताच साफ असतो, आणि वरून खाली बघितलं की डाउनहिलची स्वप्नं पडतात. तो सरळ उतारावर आहे. चाकांनी माती मोकळी केली की पहिल्या पावसात नाळ, म्हणजे खोल उभी घळ, होते. दुसरा मोह सपाट पठाराचा. सपाटीवर पाण्याला बाहेर जायला जागाच नसते, त्यामुळे तिथे ट्रेल टिकत नाही. शिवाय सड्यावरचा तो बोटभर मातीचा थर म्हणजे पावसाळी फुलांचं सगळं जग आहे. ट्रेलला मध्यम उताराचं अंग लागतं, वीस ते चाळीस टक्क्यांचं.

सह्याद्रीत चालणाऱ्यांना याचा अर्थ लगेच कळेल. नाळेतून उतरणारी वाट आणि बैलांच्या तांड्यांसाठी वळणं देत काढलेली घाटवाट यांत काय फरक आहे तो आठवा. नाळेत दरवर्षी दगड नव्याने लोळतात. लादलेल्या बैलासाठी आखलेली वाट शंभर वर्षं कोणी हात न लावताही कित्येक ठिकाणी शाबूत आहे, कारण लादलेला बैल पंधरा टक्के चढ चढायला कुरकुरतो. एखादी जुनी घाटवाट चढ-उतार मोजत एकदा चाला, हजार व्हिडिओंचं काम होईल.

खोदाई दिवाळीच्या आसपास सुरू करा आणि डिसेंबरअखेर उरका. त्या वेळी मुरमात ओल असते. ठोकला की बसतो. एप्रिलमध्ये तोच मुरूम पिठासारखा उडतो, कितीही चोपा, जूनमध्ये वाहून जातो. हत्यारं गावातलीच पुरतात : टिकाव, कुदळ, फावडं, घमेली, एक चांगली जड पहार, कोयते, धुम्मस. परदेशी ट्रेलवाले मॅक्लाउड नावाचं एक अवजार वापरतात, एका बाजूला रुंद पातं आणि दुसऱ्या बाजूला दाते. ऑनलाइन मागवायची गरज नाही. लोहाराला फोटो दाखवा, जाड पात्याचं करून देतो, आणि ते तुटलं तर जोडूनही देतो.

काम कसं चालतं ते एका मीटरपुरतं सांगतो. आधी पाचोळा वरच्या अंगाला ओढून ठेवा. फेकू नका, शेवटी लागतो. मग वरची काळसर, मुळ्यांनी भरलेली माती काढा. ती कितीही चोपली तरी स्पंजच राहते. खाली पिवळट-तांबूस मुरूम लागला की त्यावर वाट. उतारात पूर्ण आत कापून घ्यायचं : अर्धी वाट कापलेली आणि अर्धी भरावाची असं केलंत तर भरावाची बाजू पहिल्या पावसाळ्यात बसते आणि चाक तिकडे घसरतं. निघालेली माती खाली दूर पसरून टाका, कडेला ढीग राहिला तर त्याचा बांध होऊन पाणी वाटेवर अडतं. वरची कापलेली बाजू उभी ठेवू नका, ढासळते, तिरपी उतरवा. धुम्मस करा. मग पाण्याची बाटली वाटेच्या वरच्या कडेला ओता. पाणी एका पावलाच्या आत खालच्या कडेवरून गेलं पाहिजे. वाटेने पुढे धावलं तर कल चुकलाय, पुन्हा खरवडा. जमलं की बाजूला ठेवलेला पाचोळा वरच्या-खालच्या उघड्या मातीवर पसरा, वाटेवर नको. कल बघायला फोनवरचं लेव्हल अॅप चालतं, पण बाटली खोटं बोलत नाही.

मऊ मुरमात एका माणसाच्या हातून सकाळभरात तीन-चार मीटर होतात. खडक लागला तर मीटरभर झाला तरी नशीब. या हिशेबाने तुमचे चार किलोमीटर दहा जणांना शे-सव्वाशे सकाळी लागतील. म्हणूनच एक किलोमीटर म्हणतोय.

कारवी आणि घाणेरी कापताना एक गोष्ट जिवावरची आहे. कोयत्याने तिरपा वार करून सोडलेला खुंट वाळला की भाल्यासारखा होतो, आणि सायकलवरून पडलेला माणूस नेमका त्याच उंचीवर येतो. खुंट जमिनीखाली, मुळाशी कापा. कारवी तर लागेल तेवढीच कापा. सात वर्षांनी एकदा फुलते आणि त्या उताराची माती तिनेच धरलेली असते. घाणेरी मात्र मुळासकट उपटा, वनखातंही खूश होईल. झाडाची मुळं तोडू नका. आडवी मुळं ट्रेलवर मजा आणतात. सागाचं पान हा वेगळा प्रकार आहे. जानेवारीपासून पानं गळायला लागतात, ताटाएवढी पानं दगडांवर बसतात, वरून गुळगुळीत आणि खाली काय आहे ते दिसत नाही. वळणांवरची आणि ब्रेक लागतो तिथली पानं दर आठवड्याला झाडा, बाकी राहू द्या.

ओढा ओलांडताना वाट दोन्ही बाजूंनी ओढ्यात उतरली पाहिजे. एका बाजूने उतरून दुसऱ्या बाजूलाही उतरतच गेली तर पुराच्या दिवशी ओढा आपली जागा सोडून तुमच्या ट्रेलने चालू लागतो. पात्रात कोरडी फरसबंदी करा : बसाल्टचे मोठे, एका बाजूने सपाट दगड, निम्म्याहून जास्त जमिनीत गाडलेले, मधल्या फटीत चिपा ठोकून. सांधे चाकाच्या दिशेने एका रेषेत येऊ देऊ नका, पुढचं चाक अडकतं. सिमेंट नको. सिमेंटखालून पाणी शिरलं की लादी अख्खी उचलली जाते. कोरड्या फरसबंदीतला एखादा दगड हलला तर पहारीने पाच मिनिटांत बसतो.

दगड हलवणार म्हणजे फुरसं आणि विंचू भेटणार. दगडाची पलीकडची कड धरून तो आपल्याकडे उलटा, म्हणजे उघडी बाजू तुमच्यापासून दूर राहते. हात घालण्याआधी पहार. हातमोजे आणि बूट नसलेल्याला कामाला उभं करू नका. साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नको. हातपाय न हलवता १०८ ला फोन आणि प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय. ते सर्वांत जवळचं कोणतं याची चौकशी कामाला सुरुवात करण्याआधीच करून ठेवा. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केला आणि त्यामुळे त्या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले, पण तोही वेळेत पोचलं तर. कड्याला आग्यामोहोळ असेल तर ट्रेल त्याच्या खालून नेऊ नका, आणि कामाच्या जागी विडी-सिगारेट, चहाची चूल काही नको. फेब्रुवारीनंतर तर अजिबात नाही.

बर्म आणि जंपचं आता बोलू, कारण तुमचा जीव तिथेच अडकलाय. मातीचा बर्म सुंदर दिसतो, पण तो पाणी आतल्या बाजूला साठवतो. वळण सुरू होण्याआधी पाणी बाहेर काढलं नाही तर बर्म एका पावसाळ्याचा धनी. पहिल्या किलोमीटरमध्ये दोनच करा, मागून दगडी ताल (रचलेल्या दगडांचा बांध) घालून. उरलेल्या ठिकाणी रोलर करा. रोलर म्हणजे मघाशी सांगितलेले तेच उलटे चढ, थोडे उंच केलेले. पाणीही निघतं आणि पंप करत, म्हणजे पॅडल न मारता अंग वर-खाली करून वेग घेत, जायला मजाही येते. जंप करायचाच तर टेबलटॉप, म्हणजे मधे खड्डा नसलेला, नवशिक्याला नुसता लोळवत नेता येईल असा. मधे फट सोडलेला जंप नको. तुमच्या ग्रुपमधल्या दोघांना तो येत असेल, पण रविवारी ट्रेलवर येणाऱ्या पाहुण्याला तिथे जंप आहे हेच माहीत नसतं. वेग कमी करायला पाट्या लावून काही होत नाही. आंधळ्या वळणाआधी दोन मोठे दगड असे रोवा की वाट हँडलच्या रुंदीपुरतीच उरेल. माणूस आपोआप ब्रेक लावतो. हीच युक्ती ट्रेलच्या तोंडाशी केली तर मोटरसायकलीही आत येत नाहीत. आणि परवानगीचे कागद हातात येईपर्यंत ट्रेल स्ट्राव्हा या सायकलवाल्यांच्या अॅपवर टाकू नका. एका रविवारात पन्नास जण येतात आणि सोमवारी वनरक्षक.

माणसांचं प्रकरण मुरमापेक्षा कठीण असतं. या खेळाचा जन्म जिथे झाला त्या कॅलिफोर्नियातही तेच झालं : सत्तरच्या दशकात मरीन काउंटीत जुन्या सायकली डोंगरावरून सोडत सुरुवात झाली, चालणाऱ्यांशी आणि घोडेवाल्यांशी खटके उडाले, ट्रेल सायकलींना बंद होऊ लागले, आणि त्या धास्तीतून तिथल्या क्लबांनी १९८८ मध्ये इम्बा (इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन) ही संघटना उभी केली. आपल्याकडे घोडेवाल्यांच्या जागी गुराखी आणि मॉर्निंग वॉकवाले आहेत. चालणाऱ्याला नेहमी आधी वाट, चढणाऱ्या सायकलला उतरणाऱ्याने वाट. हँडलला साधी घंटी लावा. कार्बन फ्रेमवाल्यांना लाज वाटते, पण आजोबांना मागून ‘साइड’ म्हणून ओरडलेलं आवडत नाही. गुरं समोर आली तर उतरून उभे राहा, कळप जाऊ द्या. ट्रेल गुरांच्या वाटेला जिथे छेदतो तिथे दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस मीटर मोकळं दिसेल असं झुडूप छाटा. अंधार पडायच्या आत टेकडी सोडा. बिबट्या असो नसो, रानाला त्याची रात्र लागते.

चालवताना ट्रेल बिघडतो तो मुख्यतः मागचं चाक लॉक करून घसरत जाण्याने. नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवा : पुढचा ब्रेक घाबरत का होईना वापरा, वजन खाली, नजर लांब. सायकल साधी हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली, पुरते. टायर मात्र ट्यूबलेस आणि सीलंट भरलेले. बाभळीच्या काट्यांपुढे ट्यूब टिकत नाही. कोरड्या दिवसांत लोक हवा टम्म भरून येतात आणि मुरमावर घसरतात. सत्तर किलोच्या माणसाला रुंद टायरमध्ये पंचवीस पीएसआयच्या आसपास पुष्कळ झाली.

क्लबचा कागद फार लांबवत नाही. सात जण असले की संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. नोंदणी झाली की बँक खातं उघडता येतं आणि वनखात्याला पत्र लिहायला लेटरहेड मिळतं. सभासदांचा सामूहिक अपघात विमा घ्या. ट्रेलवर दर दोनशे मीटरला दगडावर आकडा रंगवा, म्हणजे १०८ ला ‘टेकडीवर कुठेतरी’ असं सांगावं लागणार नाही. श्रमदानाला दोन माणसांत टिकावाच्या दोन लांबीइतकं अंतर ठेवा, आणि एक जण फक्त पाणी आणि प्रथमोपचार बघेल असा नेमा.

राहिली स्पर्धा. पहिल्या पावसाळ्यात स्पर्धा नको, सरावही नको. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसापासून ट्रेल बंद ठेवा आणि त्या दिवसांत फावडं घेऊन जा : खोलगट जागांतून पाणी निघायच्या तोंडाशी गाळ बसतो, तो काढला नाही तर सगळी आखणी फुकट. ऑक्टोबरात चाकाचा ठसा बोटाच्या एका पेरापेक्षा खोल उमटत असेल तर अजून आठवडा थांबा. दुरुस्त्या झाल्या, डिसेंबर कोरडा गेला, की जानेवारीत स्पर्धा घ्या. घोळका एकत्र सोडू नका. अडीच फुटांच्या वाटेवर पहिल्या वळणातच ढीग लागतो. एकेकाला मिनिटाच्या अंतराने सोडून वेळ मोजा. गावातल्या पोरांच्या बिनगिअरच्या सायकलींचा गट वेगळा ठेवा आणि त्यांना प्रवेशशुल्क घेऊ नका. पुढच्या वर्षीच्या श्रमदानाला तीच पोरं येतात. स्पर्धेची वेळ ठरवण्याआधी गुराख्याला विचारा. गुरं साधारण नऊला वर चढतात, त्याच्या आत तुमचा शेवटचा स्पर्धक खाली आलेला हवा.